ओडी वाढतोय, पण जीवाणू वाढतायत का? प्रतिजैविकांचा वाढीवर आणि पेशीच्या आकारावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत कसा पाहावा

ई. कोलायच्या वाढत्या कल्चरमध्ये सेफॅलेक्सिन घाला आणि दर वीस मिनिटांनी ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे कल्चर किती गढूळ झालं त्याचं माप) घेत राहा. पहिला तासभर तो कंट्रोलच्या जवळपास बरोबरीने वाढतो. औषध घातलेला ब्रॉथ डोळ्यांदेखत गढूळ होत जातो आणि प्रयोग करणारी मुलं गडबडतात. औषध जुनं आहे का? वजन चुकलं का? स्ट्रेन रेझिस्टंट आहे का? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. त्याच फ्लास्कमधला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आखूड कांड्यांच्या जागी लांबच लांब धागे दिसतात. पेशी वाढत होत्या, फक्त विभागत नव्हत्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरला आठ आखूड पेशी काय आणि आठपट लांब झालेली एक पेशी काय, प्रकाश जवळपास तेवढाच अडतो.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका आग्रहाभोवती बांधली आहे. ओडी, कॉलनींची मोजणी आणि सूक्ष्मदर्शक ही तिन्ही निरीक्षणं एकाच वेळी, एकाच फ्लास्कमधून घ्यायची. यातलं एकटं कुठलंही निरीक्षण दिशाभूल करू शकतं. हा प्रयोग बीएस्सी-एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचा आहे. जिथे ऑटोक्लेव्ह नाही तिथे तो करू नये, घरी तर अजिबात नाही.

आधी पेशीभित्तिका समजून घ्या

ई. कोलायची कांडी साधारण २ ते ४ मायक्रोमीटर लांब आणि जेमतेम १ मायक्रोमीटर जाड असते. तिचा आकार टिकवतं ते तिच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकॅनचं जाळं. पेशीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे हे जाळं कुठे उसवलं तर पेशी तिथून बाहेर फुगते आणि फुटते. वाढायचं म्हणजे जाळं जागोजागी कापायचं आणि कापल्या जागी नवे तुकडे जोडायचे, तेही दाब सांभाळून.

हे काम दोन वेगळ्या यंत्रणा करतात. पहिली कांडीची लांबी वाढवते. तिच्यात एमआरईबी नावाचं प्रथिन दिशा देतं आणि पीबीपी-२ हे एन्झाइम जोडणी करतं. दुसरी यंत्रणा पेशीच्या मधोमध आडवी भिंत घालते. तिथे आधी एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं तयार होतं आणि मग पीबीपी-३ कामाला लागतं. पीबीपी म्हणजे ज्यांना पेनिसिलिन जाऊन चिकटतं ती प्रथिनं. बीटा-लॅक्टम गटातलं (पेनिसिलिन, सेफॅलेक्सिन वगैरे) प्रत्येक औषध सगळ्या पीबीपींना सारख्याच जोराने चिकटत नाही, आणि आकारातला सगळा फरक इथून सुरू होतो.

पीबीपी-३ अडलं की लांबवणारी यंत्रणा चालू राहते आणि आडवी भिंत पडत नाही. पेशीचा धागा होतो. सेफॅलेक्सिन आणि अझ्ट्रिओनाम ही औषधं मुख्यतः हेच करतात. पीबीपी-२ अडलं की कांडीपण जातं आणि पेशी गोल होतात. मेसिलिनाम हे त्याचं ठरलेलं उदाहरण. अँपिसिलिन एकाहून जास्त पीबीपींवर काम करतं. कमी मात्रेत त्याने धागे होतात. मात्रा वाढवली की पेशीच्या मध्यावर फुगा येतो आणि पेशी फुटते.

पेनिसिलिनने जीवाणू लांबतात हे तसं फार लवकर कळलं होतं. ए. डी. गार्डनर यांनी १९४० मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं, की वाढ पूर्ण थांबवायला अपुऱ्या पडणाऱ्या पेनिसिलिनमध्येही जीवाणूंचे आकार विचित्र होतात आणि कांड्या लांबत जातात. मात्र त्यामागचं कारण कळायला वेळ लागला. आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, तेव्हाही पेनिसिलिन भिंतीच्या बांधणीत नेमकं काय बिघडवतं हे उलगडायचंच होतं. लांबणं, विभागणं आणि आकार राखणं ही कामं वेगवेगळ्या पीबीपींकडे आहेत हे ब्रायन स्प्रॅट यांनी १९७५ मध्ये दाखवलं.

सिप्रोफ्लॉक्सासिनचा भिंतीशी थेट संबंध नाही, तरी त्यानेही धागे होतात. हे औषध डीएनए गायरेज या एन्झाइमला पकडतं आणि डीएनए तुटायला लागतो. पेशीत एसओएस प्रतिसाद (डीएनएला इजा झाल्यावरची आणीबाणीची यंत्रणा) सुरू होतो, सुलए नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते एफटीएसझेडचं कडं बांधू देत नाही. डीएनए दुरुस्त होईपर्यंत विभाजन थांबवून ठेवण्याची ही पेशीची स्वतःची सोय आहे. म्हणजे बाहेरून सारखेच दिसणारे दोन धागे, पण एकात औषधाने विभाजन अडवलेलं आणि दुसऱ्यात पेशीने स्वतः. हे दोन ओळखायचे कसे ते पुढे येईलच.

क्लोरॅम्फेनिकॉल प्रथिननिर्मिती थांबवतं. त्यात ओडी थांबतो, कॉलनींची संख्या थांबते आणि आकार होता तसा राहतो. दिसायला सगळ्यात कंटाळवाणं औषध, पण तुलनेसाठी हवंच. ते ठेवलं नाही तर ‘वाढ थांबली की आकार बदलतो’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

स्ट्रेन: फ्रीजरमधली कुठलीही कुपी उचलू नका

प्रोजेक्ट बिघडण्याचं हे पहिलं ठिकाण. कॉलेजच्या फ्रीजरमध्ये बहुधा डीएच५-अल्फा असतो, कारण क्लोनिंगच्या प्रॅक्टिकलसाठी तो आणलेला असतो. या प्रयोगासाठी तो नको. त्यात रेकए जनुक निकामी केलेलं असतं, म्हणजे एसओएस प्रतिसाद चालतच नाही आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे धागे अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. शिवाय त्याच्या गायरेजमध्ये नॅलिडिक्सिक आम्लाला दाद न देणारं उत्परिवर्तन आहे. ज्या कुपीतल्या स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड (डीएनएचं जादा छोटं कडं) आहे तीही नको; बहुतेक प्लाझ्मिडांवर अँपिसिलिन-रेझिस्टन्सचं जनुक असतंच.

के-१२ कुळातला एमजी१६५५ किंवा संवेदनशीलता चाचणीसाठी जगभर वापरला जाणारा एटीसीसी २५९२२ घ्या. चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्यात एनसीएलमधल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवसंग्रहांकडे कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी करता येते. दवाखान्यातल्या नमुन्यातून, सांडपाण्यातून किंवा नाल्यातून वेगळा केलेला जीवाणू या कामाला आणू नका. तो काय आहे आणि किती औषधांना पुरून उरतो हे माहीत नसताना त्याला वाढवायचं कारण नाही.

औषधाचे स्टॉक

मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडायची आणि पावडर वजन करायची, हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर भरणद्रव्यं असतात, त्यातली काही पाण्यात विरघळत नाहीत आणि ओडीत भर घालतात. प्रयोगशाळेच्या दर्जाची पावडर घ्या आणि डबीवरची पोटन्सी वाचा. एक मिलिग्रॅम पावडरमध्ये ९५० मायक्रोग्रॅम औषध असेल तर वजन त्या हिशेबाने वाढवा.

अँपिसिलिनचं सोडियम मीठ आणि सेफॅलेक्सिन पाण्यात विरघळतात; दोन्हीचे १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे स्टॉक पुरतात. क्लोरॅम्फेनिकॉल इथेनॉलमध्ये विरघळतं. सिप्रोफ्लॉक्सासिनचं हायड्रोक्लोराइड पाण्यात जातं. नुसता बेस असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. स्टॉक ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा (इथेनॉलमधला गाळायची गरज नाही), छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. बीटा-लॅक्टम पाण्यात हळूहळू मोडतात, त्यामुळे महिनोन् महिने फ्रीजच्या दारात पडलेल्या बाटलीवर भरवसा नको.

ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्यांनी बीटा-लॅक्टमच्या पावडरीचं वजन करू नये. हे काम जोडीदाराकडे द्या. इतरांनीही हातमोजे आणि मास्क घालूनच करावं.

पहिला टप्पा: स्वतःच्या हाताने एमआयसी काढा

पुस्तकातली एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) घेऊन थेट मुख्य प्रयोगाला बसू नका. तुमचा स्ट्रेन, तुमचा ब्रॉथ आणि तुमची पावडर मिळून जी एमआयसी येते तीच खरी. एमआयसी ज्या ब्रॉथमध्ये काढाल त्यातच पुढचा प्रयोग करा. म्युलर-हिंटन ब्रॉथ सोयीचा, कारण त्याचे अपेक्षित आकडे उपलब्ध आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. मॅग्नेशियम जास्त असलं की ते औषधाला बांधून ठेवतं आणि एमआयसी चढलेली दिसते.

आठ निर्जंतुक नळ्या घ्या. पहिल्या नळीत १२८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर औषध असलेला २ मिलिलिटर ब्रॉथ, बाकी सातांत १ मिलिलिटर साधा ब्रॉथ. पहिलीतून १ मिलिलिटर दुसरीत, नीट मिसळून दुसरीतून तिसरीत, असं शेवटपर्यंत. शेवटच्या नळीतला १ मिलिलिटर काढून टाका. प्रत्येक नळीसाठी नवी टिप. जुनीच टिप वापरली तर वरच्या नळीतलं औषध खाली वाहत जातं आणि एमआयसी खोटी उतरते.

आता कल्चर. ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं ठरलेलं प्रमाण) म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जीवाणू. ते दीडशे पट पातळ केलं की १० लाख होतात. त्यातला १ मिलिलिटर प्रत्येक नळीत घातला की जीवाणू मिलिलिटरला ५ लाखांवर येतात आणि औषधही निम्मं होतं: ६४, ३२, १६ असं ०.५ पर्यंत. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी सुरुवात १ मायक्रोग्रॅमपासून करा, म्हणजे नळ्या ०.५ पासून ०.००४ पर्यंत जातील. सोबत औषध नसलेली एक नळी आणि जीवाणू नसलेली एक नळी ठेवा. ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सर्वांत कमी मात्रेत नळी डोळ्यांना स्वच्छ दिसते ती एमआयसी.

एटीसीसी २५९२२ वापरत असाल तर अँपिसिलिनची एमआयसी २ ते ८ मायक्रोग्रॅम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची ०.००४ ते ०.०१६ यांत बसायला हवी. नाही बसली तर पुढे जाऊ नका. पावडर, पोटन्सीचा हिशेब आणि मॅकफार्लंड, याच क्रमाने तपासा.

दुसरा टप्पा: मुख्य दिवस

आदल्या संध्याकाळी एका कॉलनीतून १० मिलिलिटर ब्रॉथमध्ये कल्चर लावा. सकाळी ते शंभर पट पातळ करून १२० मिलिलिटर कोमट ब्रॉथमध्ये घाला आणि ३७ अंशांवर शेकरवर ठेवा. तास-सव्वातासात ओडी ०.१ च्या आसपास येईल. इथे घाई किंवा आळस दोन्ही नको. बीटा-लॅक्टमचा घाव वाढत्या पेशींवरच बसतो. रात्रभर ठेवलेल्या, वाढ थांबलेल्या कल्चरमध्ये अँपिसिलिन घातलं तर बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग तो प्रयोग औषधाबद्दल काही सांगत नाही.

ओडी ०.१ झाला की १०० मिलिलिटरच्या पाच फ्लास्कमध्ये २०-२० मिलिलिटर वाटा. फ्लास्क आधीच ३७ अंशांवर तापवून ठेवलेले असावेत, नाहीतर सगळ्या पेशी थंडीने दचकतात आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात. पाच फ्लास्क म्हणजे कंट्रोल, सेफॅलेक्सिन, अँपिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल.

मात्रेचा हिशेब एकदा कागदावर करा. सेफॅलेक्सिनची एमआयसी ८ आली असं धरू. दुप्पट म्हणजे १६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. २० मिलिलिटरला ३२० मायक्रोग्रॅम. स्टॉकमध्ये दर मायक्रोलिटरला १० मायक्रोग्रॅम आहेत, म्हणजे ३२ मायक्रोलिटर घालायचे. अँपिसिलिन एमआयसीच्या चार-पाच पट ठेवा, फुटणं स्पष्ट दिसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र एमआयसीच्या एक ते दोन पटींतच ठेवा. फार जास्त दिलं तर पेशी लांबण्याआधीच कोलमडतात आणि धागे दिसत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल चार पट. इथे एक गोष्ट ध्यानात असू द्या: एमआयसी काढताना मिलिलिटरला ५ लाख जीवाणू होते आणि आता सुमारे ८ कोटी आहेत. औषध तेवढंच, घेणारे १६० पट. त्यामुळे ‘दुप्पट एमआयसी’ हा आकडा वेदवाक्य नाही; पहिल्यांदा परिणाम पुसट आला तर मात्रा वाढवून पाहा. क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर जितकं इथेनॉल जातं तितकंच कंट्रोलमध्येही घाला.

औषध घालण्याआधी शून्य मिनिटाचा नमुना घ्या. मग दर ३ मिनिटांनी एकेका फ्लास्कमध्ये औषध घालत जा, म्हणजे नमुने घेतानाही तेवढंच अंतर मिळतं. नमुने २०, ४०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी, दर वेळी २ मिलिलिटर. हे एकट्याचं काम नाही. एकाने नमुने आणि ओडी, दुसऱ्याने डायल्यूशन आणि प्लेटा, आणि तिसरं कोणी स्लाइडवर असेल तर दिवस शांतपणे पार पडतो.

ओडी घेताना ०.४ च्या वर गेलात की नमुना ताज्या ब्रॉथमध्ये पातळ करा, आकडा घ्या आणि गुणा. त्यावर ओडी आणि पेशी यांचं सरळ प्रमाण राहत नाही.

कॉलनी मोजताना

ओडी १ असताना मिलिलिटरला साधारण ८० कोटी पेशी, हा ई. कोलायचा नेहमीचा अंदाज. ०.१ ला ८ कोटी. एक लाख पट पातळ करून ०.१ मिलिलिटर पसरवलं तर ८० कॉलनी येतील. ३० ते ३०० मध्ये बसतं. तासाभरानंतर कंट्रोलसाठी १० लाख पटीपर्यंत जावं लागेल. अँपिसिलिनच्या फ्लास्कसाठी उलट कमी पातळ केलेल्या प्लेटाही लावा, कारण तिथे संख्या झपाट्याने घसरते. फक्त १०० पटीच्या खाली उतरलात तर नमुन्याबरोबर औषधही प्लेटवर जातं आणि जिवंत पेशीसुद्धा उगवत नाहीत. तेवढंच हवं असेल तर आधी हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून पेशी धुवा.

डायल्यूशन करताना व्होर्टेक्स मिक्सर वापरायची सवय इथे बाजूला ठेवा. धागे तुटतात. नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. धाग्यांच्या नमुन्यासाठी पिपेटच्या टिपचं टोक निर्जंतुक ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर कापून तोंड रुंद केलं तर अजून चांगलं. कॉलनी २४ तासांनी मोजल्यावर प्लेटा फेकू नका, आणखी एक दिवस ठेवा. औषधातून आलेल्या पेशी उशिरा उगवतात.

धागा किती का लांब असेना, प्लेटवर त्याची कॉलनी एकच होते. ‘इतके कॉलनी तयार करणारे घटक’ असं आपण जर्नलमध्ये लिहितो, ते ‘इतक्या पेशी’ का लिहीत नाही, हे या प्रयोगात नीट कळतं. व्हायव्हाला हमखास विचारतात.

सूक्ष्मदर्शक: घाई इथे करू नका

नेहमीची पद्धत म्हणजे स्मिअर काढा, ज्योतीवरून फिरवा, क्रिस्टल व्हायोलेट घाला. धागा आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर ती चालेल. पण वाळवल्याने आणि तापवल्याने पेशी आकसतात, आणि भिंत कमकुवत झालेल्या, फुगा आलेल्या पेशी तर स्लाइडवर वाळता वाळताच फुटतात. अँपिसिलिनचा खरा परिणाम पाहायचा तर पेशी ओल्या आणि जिवंत पाहिजेत.

त्यासाठी ॲगारोजचा पातळ थर करा. ब्रॉथमध्ये १ टक्का ॲगारोज वितळवा, स्लाइडवर दोन-तीन थेंब टाका, वरून दुसरी स्लाइड अलगद ठेवून सपाट करा आणि गोठल्यावर वरची स्लाइड सरकवून काढा. त्या थरावर २ मायक्रोलिटर नमुना, तो शोषला गेला की कव्हरस्लिप. पेशी एका पातळीत शांत पडून राहतात, इकडेतिकडे पोहत नाहीत. फेज काँट्रास्ट असेल तर १०० पटींच्या ऑइल इमर्शनखाली काळ्या, रेखीव कांड्या दिसतात. फुटलेली पेशी मात्र फिकट राखाडी, आत काही नसल्यासारखी. ती एकदा ओळखता आली की परत चुकत नाही. अँपिसिलिनच्या फ्लास्कमधला वीस-तीस मिनिटांचा नमुना लावून एकाच जागी नजर ठेवली, तर कांडीच्या मध्याशी एक गोल बुडबुडा बाहेर येताना दिसतो. तो काही काळ टिकतो, आणि मग एका क्षणात पूर्ण पेशी फिकी पडते. या एका दृश्यासाठी हा सगळा खटाटोप केला तरी पैसे वसूल.

फेज काँट्रास्ट नसेल तर निग्रोसिनचं निगेटिव्ह स्टेनिंग करा. त्यात पेशी तापवावी लागत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी कांडी दिसते आणि लांबी बऱ्यापैकी खरी मिळते. जीवाणू मात्र जिवंत राहतात. वापरलेली स्लाइड थेट जंतुनाशकात टाका.

सगळे नमुने लगेच पाहणं जमत नसेल तर थोडा भाग फ्यूम हूडमध्ये फॉर्मल्डिहाइड घालून ठेवा (अंतिम प्रमाण साधारण ३ टक्के) आणि दुपारी बसा.

आता दोन प्रकारच्या धाग्यांचा प्रश्न. विभागात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर डीएनएला चिकटणारा डॅपी हा रंग लावा. सेफॅलेक्सिनच्या धाग्यात डीएनएचे गोळे सारख्या अंतरावर ओवलेले दिसतात, अगदी बोरमाळेसारखे: डीएनएची नक्कल होत राहिली, वाटणीही झाली, फक्त भिंत पडली नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या धाग्यात डीएनए मधल्या भागात गोळा होऊन पडलेला असतो आणि दोन्ही टोकं लांबवर रिकामी असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातही सेफॅलेक्सिनच्या धाग्यावर मधूनमधून उथळ खाच दिसू शकते, जिथे विभाजन सुरू होऊन अडलं.

लांबी मोजणं

आयपीसमधल्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन केल्याशिवाय आकडे लिहू नका. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटरचा. ज्या ऑब्जेक्टिव्हने पेशी मोजणार त्याच ऑब्जेक्टिव्हवर दोन्ही रेघा जुळवा. कॅमेरा असेल तर त्याच स्टेज मायक्रोमीटरचा फोटो काढा आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण ठरवा. वाकड्या धाग्यासाठी सरळ रेषेऐवजी तुकड्या-तुकड्यांची रेषा वापरा.

प्रत्येक नमुन्यातल्या किमान शंभर पेशी मोजा, आणि मोजताना सुंदर धागे शोधत फिरू नका. क्षेत्र आधी ठरवा, मग त्यातली प्रत्येक पेशी मोजा. एक छुपी अडचण: जे धागे फोटोच्या कडेबाहेर जातात ते मोजता येत नाहीत, आणि बाहेर जातात ते नेमके सगळ्यात लांब असतात. ते वगळले की सरासरी खाली येते. शेजारचा फोटो जोडून घ्या, नाहीतर अशा पेशी किती होत्या ते निदान नोंदवा. सरासरीबरोबर मध्यक आणि लांबीचं वितरण द्या. दोन-चार राक्षसी धाग्यांनी सरासरी कुठच्या कुठे जाते.

आकडे वाचताना

कागदावरचा आदर्श हिशेब असा. ई. कोलाय चांगल्या ब्रॉथमध्ये ३७ अंशांवर २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तासात आठ पट. कंट्रोलमध्ये ओडी आठ पट, कॉलनी आठ पट, लांबी आहे तेवढीच. सेफॅलेक्सिनमध्ये ओडी जवळपास आठ पट, कॉलनी जिथल्या तिथे, आणि ३ मायक्रोमीटरची पेशी २४ मायक्रोमीटरची. प्रत्यक्षात तुमचे आकडे याहून कमी येतील, पण तिन्ही ओळींचा एकमेकांशी असलेला संबंध असाच दिसला पाहिजे. दर नमुन्याचा ओडी भागिले कॉलनींची संख्या असा एक स्तंभ तक्त्यात वाढवा. कंट्रोलमध्ये तो सपाट राहतो, सेफॅलेक्सिनमध्ये लांबीच्या आलेखाबरोबर चढतो. मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात बोलका आलेख हाच.

अँपिसिलिनमध्ये ओडी आधी थोडा चढतो आणि मग कोसळतो, पण शून्यावर येत नाही, कारण फुटलेल्या पेशींची कवचं ब्रॉथमध्ये तरंगत असतात. कॉलनींची संख्या ओडीच्या आधीच घसरायला लागते. तीही पूर्ण शून्य होत नाही. मारापासून वाचणाऱ्या थोड्या पेशी जवळपास नेहमी राहतात. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिन आणि स्टॅफिलोकोकसवर काम करताना त्यांची नोंद केली होती. त्या उगवून आल्यावर पुन्हा तपासल्या तर औषधाला पहिल्याइतक्याच बळी पडतात, तेव्हा लगेच ‘रेझिस्टन्स आला’ असं लिहू नका.

वेळ उरला तर

दोन छोटे जोडप्रयोग करण्यासारखे आहेत. अँपिसिलिनच्या एका जादा फ्लास्कमध्ये ब्रॉथबरोबर १० ते २० टक्के सुक्रोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घाला. बाहेरचा दाब वाढल्यामुळे भिंत गेलेल्या पेशी फुटण्याऐवजी गोल होऊन तग धरतात. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये पेनिसिलिनने असेच गोल जीवाणू मिळवले होते. त्यातला थेंब साध्या पाण्यात टाकून लगेच पाहा; गोळे फटाफट फुटतात. पेशीभित्तिका कशासाठी असते हे यापेक्षा सरळ दाखवता येत नाही.

दुसरा, सेफॅलेक्सिनमध्ये तासभर ठेवलेले धागे हळू सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, ताज्या ब्रॉथमध्ये सोडा. बरेच धागे पुन्हा विभागू लागतात आणि कॉलनींची संख्या ओडीपेक्षा वेगाने वर जाते. ॲगारोजच्या थरावर हे थेट पाहताही येतं, फक्त सूक्ष्मदर्शकाजवळची जागा उबदार हवी.

सगळं आटोपल्यावर प्लेटा, नळ्या, टिपा आणि उरलेलं कल्चर १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करा. औषध असलेला ब्रॉथ तसाच बेसिनमध्ये ओतू नका. काही प्रतिजैविकं, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिन, उष्णतेला चांगलीच टिकतात. त्यांचे उरलेले स्टॉक कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात वेगळे द्या.

पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. बीटा-लॅक्टम चालू असलेल्या रुग्णाच्या लघवीच्या स्मिअरमध्ये असेच लांब, वळणदार ग्रॅम-निगेटिव्ह धागे दिसतात आणि घाईत ते बुरशीचे तंतू वाटू शकतात. बुरशीचे तंतू सहसा जास्त जाड असतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह रंगतात आणि बऱ्याचदा शेजारी यीस्टच्या पेशी असतात. शंका आली तर रिपोर्टवर बुरशी लिहिण्याआधी वॉर्डात फोन करून रुग्णाला कोणतं प्रतिजैविक, कधीपासून चालू आहे ते विचारून घ्या.